सालाचा खण

जठारपेठ, अकोला
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुर्बानभाई,

अक्षरावरून ओळखलं असेलच. स्टाफरूममध्ये तुम्ही म्हणायचे, "गोपाळसर, तुमचं अक्षर म्हंजे साखर सांडल्यावरची मुंग्यायची रांग." आता हात कापतो, म्हणून मुंग्या आणखीच विखुरल्या. पाकिटावरचा पत्ता मात्र पाटीवर गिरवावा तसा लिहिला आहे. अठ्ठावीस वर्षांनी पाठवलेलं पत्र चुकीच्या दारी जायला नको.

काल कौंडण्यपूरची कार्तिकी जत्रा झाली. इकडे अकोल्यात बसून मला दिवसभर वर्धेची वाळू दिसत होती. आपण दोन्ही घरं मिळून गेलो होतो ते साल ब्याण्णव की त्र्याण्णव? माझी कुंदा आणि तुमची मिस्बाह वाळूत घर बांधत होत्या, तुम्ही स्केचबुक काढून बसला होता. पाणी घराला लागलं तशी कुंदा रडायला लागली. तुम्ही म्हणाले, "रडते काहून? पाणी पाहुनं आहे. येईन, बसीन, जाईन." मी तेवढं उचललं आणि घरी येऊन कविता केली.

वाळूचे घर माझे वर्धेच्या तीरी,
पाणी आले पाहुणे, बसले ओसरी.

कविता माझ्या नावावर गेली. पाहुणा तुमचा होता. हे मी कुठे कधी सांगितलं नाही, आज लिहून ठेवतो.

पत्राचं कारण सांगतो. अमरावतीच्या आपल्या शाळेचा अमृतमहोत्सव आहे, येत्या दोन फेब्रुवारीला. शाळेची वेबसाइट होते आहे, आणि तिच्यावर आपल्या काव्यवाचन स्पर्धेचे सगळ्या वर्षांचे निकाल टाकायचे ठरले. स्पर्धा मी चालवायचो म्हणून ते रजिस्टर माझ्याकडे आलं. साइट बनवतो आहे खुशालराव, माझ्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, टेलिफोन खात्यातून निवृत्त. तोही इथे जठारपेठेतच राहतो. म्हणाला, "सर, टायपिंगले माणूस लावू?" मी म्हटलं, नाही, ही नावं मी उच्चारलेली आहेत, मीच लिहीन. तर मग एचटीएमएल शिका म्हणाला. मी शिकतो आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षी!

ते अवघड नाही हो. तक्ता कसा काढायचा, कुठल्या नावापुढे कुठला आकडा, हे संगणकाला शब्दांत सांगायचं. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला टीआर म्हणतात, ओळीतल्या प्रत्येक खणाला टीडी. आणि ओळींचे गट पाडता येतात. खुशालराव म्हणतो, "वरचा गट टीहेड, म्हंजे डोक्स. मधला टीबॉडी, म्हंजे धड. खालचा टीफूट, म्हंजे पाय. गणपती बसवल्यावानी बसवा, सर." त्याला शाळेत मी पायाचे अंगठे धरून उभं करायचो. आता तो माझ्या मागे उभा राहून माझे विसरलेले कंस दाखवतो आणि हसतो.

१९८१ पासून सुरुवात केली. रोज दोन वर्षं होतात. नावं लिहिताना आवाज ऐकू येतात.

काल १९९६ चं पान आलं. त्या पानावर तीन नावं, मग लाल शाईची आडवी रेघ, आणि रेघेखाली एक नाव. मिस्बाहचं. त्या वर्षी अमराठी भाषक मुलांसाठी वेगळा गट ठेवला होता, उत्तेजनार्थ, हे तुम्हाला आठवत असेल. प्रोत्साहन मिळावं एवढाच नियमाचा हेतू होता.

विचारायचं एवढंच की तिची ओळ तक्त्यात वेगळ्या गटात दाखवू का? तुमची हरकत नसावी असं वाटतं. पण विचारावं, म्हणून लिहिलं.

बिस्मिल्लाभाभींना नमस्कार.

आपला,
गोपाळकृष्ण


जठारपेठ, अकोला
१ डिसेंबर २०२४

प्रिय कुर्बानभाई,

उत्तर नाही. येईल असं मी कोणत्या तोंडाने धरलं होतं, कोण जाणे.

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. तुम्ही ते वाचताक्षणीच ओळखलं असणार. "वेगळा गट ठेवला होता." ठेवला नव्हता. १९९६ च्या नियमपत्रिकेत असा गट नव्हता, त्याच्या आधीच्या वर्षी नव्हता, नंतरही कधी नव्हता. तो गट चौदा डिसेंबरच्या शनिवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, निकालाची बेरीज झाल्यावर केला. मी केला.

रजिस्टर समोर आहे. मिस्बाहला पन्नासपैकी पंचेचाळीस आणि कुंदाला चव्वेचाळीस. एका गुणाचा फरक. एका गुणात काय असतं, असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो. परीक्षकाला ढेकर आला तरी एक गुण इकडचा तिकडे होतो. पण पहिला येणारा नागपूरच्या विभागीय फेरीला जाणार होता. कुंदाला मी सहा महिने तयार केलं होतं. पहाटे उठवून उच्चार घटवून घेतले होते. आणि तुमची मुलगी माझीच कविता घेऊन उभी राहिली.

कशी म्हणाली हो ती! "पाणी आले पाहुणे" म्हणून थांबली. एवढी थांबली की मला वाटलं विसरली. आणि मग, खरोखरच कोणी दारात आलं आहे आणि त्याला सतरंजी टाकायची आहे अशा आवाजात म्हणाली, "बसले ओसरी". हॉलमधल्या मुलांनी दाराकडे वळून पाहिलं. ती थांबायची जागा मी कवितेत लिहिलेली नाही. मला ती सुचलीही नव्हती.

मी कार्यालयात गेलो. दाखल-खारीज रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे मातृभाषेच्या खणात "उर्दू" लिहिलेलं होतं. कुर्बानभाई, ती पोर घरी-दारी वऱ्हाडीत बोलायची, कुंदाशी भांडायचीसुद्धा वऱ्हाडीतच. "तू मले काहून ढकलते वं?" हे मी माझ्या अंगणात शंभरदा ऐकलं होतं. पण खणात उर्दू होतं, आणि मला एक खणच पाहिजे होता. मुख्याध्यापकांना म्हणालो, "मातृभाषा मराठी नसून इतकं छान म्हणाली, तिला वेगळा सन्मान देऊ." ते म्हणाले, "वा, सर, उदार विचार आहे." मी लाल शाईचं पेन घेतलं आणि रेघ मारली.

आता तक्त्याचं ऐका. मी त्या वर्षाच्या तीन ओळी एका टीबॉडीत घातल्या, मिस्बाहची दुसऱ्यात. डावीकडे सालाचा खण आहे. प्रत्येक ओळीत तेच साल पुन्हा लिहायला नको म्हणून एकच खण उंच करता येतो, त्याला किती ओळी व्यापायच्या तो आकडा द्यायचा. मी चार दिला. पान उघडून पाहतो तर १९९६ चा खण तीनच ओळी व्यापून थांबला. चौथी ओळ डावीकडे सरकली होती. मिस्बाहचं नाव सालाच्या जागी, गुण नावाच्या जागी, सगळं घसरलेलं.

खुशालरावला दाखवलं. म्हणाला, "बरोबरच आहे, सर. खण कितीही उंच करा, तो गटाची हद्द नाही वलांडत. तुमी तिले येगळ्या गटात टाकलं नं, मंग ती ह्या सालात येत नाही. तिच्या ओळीत साल पुन्हा लिहा."

मी लिहिलं नाही. पान तसंच ठेवून उठलो. तिचं नाव सालाच्या खणाखाली उभं होतं, कुठल्याच सालात नसल्यासारखं.

आतल्या खोलीत कुंदा महोत्सवाच्या निवेदनाची तालीम करत होती. कुंदाची आई गेल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. अकोल्यात कुठलाही समारंभ असो, निवेदनाला कुंदाच लागते. विभागीय फेरीनंतर तिला आकाशवाणीवर बोलावलं होतं, तिथून सुरू झालं ते. तिची ओळख करून देताना आजही लोक म्हणतात, "शाळेत असतानाच काव्यवाचनात प्रथम." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो.

आपला,
गोपाळकृष्ण


जठारपेठ, अकोला
१५ डिसेंबर २०२४

प्रिय कुर्बानभाई,

काल चौदा तारीख होती. शनिवारच होता.

जे लिहायचं टाळत आलो ते आज लिहितो. प्रमाणपत्रांचं.

शाळेची सगळी प्रमाणपत्रं तुम्ही हाताने लिहायचे. चित्रकलेच्या वर्गात खिडकीशी ते उतरतं टेबल, निबं, बोरू, शाईच्या तीन दौती. आधी बारीक पेन्सिलीने अक्षरं आखायची, मग शाई भरायची, मग ब्रेडच्या तुकड्याने पेन्सिल पुसायची. मुलं तुमच्या खिडकीत गर्दी करून उभी राहायची. तुम्ही नाव लिहिलं की त्या मुलाला आपलं नाव पहिल्यांदा कळल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी बेरजेचा कागद शिपायाने मधल्या सुट्टीतच तुमच्याकडे पोचवला होता, प्रमाणपत्रं पाचच्या समारंभाला हवी म्हणून. हे मला कार्यालयातून निघताना कळलं. मी चित्रकलेच्या वर्गात आलो तेव्हा तुम्ही वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, "या सर. कवितेचं ऐकलं का? पोरीनं तुमचं नाव राखलं."

मी म्हणालो, "कुर्बानसर, थोडा बदल आहे."

आणि सांगितलं. वेगळा गट, मातृभाषा, सन्मान. मी किती शब्द वापरले! तुम्ही निब दौतीत उभं करून ठेवलं. तुमच्यापुढच्या कागदावर मिस्बाहचं नाव शाईने पूर्ण झालेलं होतं. त्याखाली "प्रथम क्रमांक" पेन्सिलीने आखलेलं होतं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

तुम्ही विचारलं नाही की का. बेरजेचा कागद टेबलावरच होता, त्याकडे तुम्ही बोटही केलं नाही. तुम्ही म्हणाले, "कोणाच्या नावाखाली काय लिहू, तेवढं सांगा, सर."

मी म्हणालो, "मिस्बाहच्या खाली उत्तेजनार्थ."

तुम्ही खोडरबर घेतला. मी दारातून बाहेर पडेपर्यंत तो आवाज चालू होता.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तुम्ही गुणांचा रकाना वाचला नसेल, फक्त नावं पाहिली असतील. अक्षराचा माणूस, आकड्यांकडे कशाला बघेल. पुढच्या जूनमध्ये तुम्ही बाळापूरच्या शाळेत बदली मागून घेतली. मला सांगायला आले नाही. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "घर जवळ पडतं त्यांना."

खुशालरावने परवा एक गंमत दाखवली. त्याच्यासाठी गंमत. मी नोव्हेंबरमध्ये शिकायला लागलो तेव्हाचं माझं पहिलं पान त्याने जपून ठेवलं आहे. त्यात मी टीबॉडी लिहिलंच नव्हतं, नुसत्या ओळी. त्याने ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडली. "हे पहा, सर. तुमी गट केला नव्हता. पण यानं आपल्या मनानं एक टीबॉडी टाकला अन् साऱ्या ओळी त्याच्यात बसवल्या."

मी विचारलं, "मी सांगितलं नसताना?"

"न सांगता. येगळे गट पाहिजे असंन तर मंग तुमालेच बसून लिहा लागते."

तो चहा प्यायला गेला. मी त्या खिडकीकडे पाहत राहिलो. यंत्राला तिची मातृभाषा माहीत नव्हती, एवढंच.

महोत्सव दोन तारखेला. तोपर्यंत ती ओळ कुठे जाते ते ठरवायचं आहे. ठरवायचं काय, ठरलेलं आहे. कुंदाला सांगायचं आहे. तेवढं राहिलं आहे.

आपला,
गोपाळकृष्ण


जठारपेठ, अकोला
६ जानेवारी २०२५

कुर्बानभाई,

काल बाळापूरला आलो होतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तोंडाने सांगता आलं नाही.

कुंदाला म्हणालो, एका विद्यार्थ्याकडे जातो. बसमधून उतरलो, किल्ल्याच्या बुरुजाकडे तोंड करून उभा राहिलो आणि दिशा आठवली. तुमच्या दाराला अजून तोच निळा रंग आहे. त्या रंगाची पाटी आपण शाळेसाठी केली होती, उरलेला डबा तुम्ही घरी नेला होता.

बिस्मिल्लाभाभींनी दार उघडलं. एक क्षण पाहिलं. मग म्हणाल्या, "या नं, भाईसाब. उभे काहून? ऊन लागून राहिलं."

मी विचारलं, "कुर्बानभाई?"

"घरी नाहीत."

आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखतो. खडूच्या धुळीने एकोणीस वर्षं आपण दोघे बरोबर खोकलो. भाभींनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी म्हणालो, "काही हरकत नाही. मी भाभींनाच भेटायला आलो."

"खोटं बोलाची सवय जुनीच हाये तुमची," भाभी म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

चहात आलं पुष्कळ होतं. बशीत खारी होती. त्यांनी सगळं सांगितलं, हातातली सुपारी कातरत. मिस्बाह बस स्टँडजवळ औषधांचं दुकान चालवते. जावई तनवीर शेती पाहतात. नातवंडं दोन. मग म्हणाल्या, "चिठ्ठ्या वाचतात ते. तिन्ही वाचल्या. चष्मा पुसून पुसून वाचतात. मी म्हणलं, जवाब तरी लिहा, बुढ्ढा वाट पाह्यत असंन. तर पुन्हा चष्मा पुसत बसतात."

मी म्हणालो, "मिस्बाह कविता म्हणते का आता?"

"त्या दिवसानंतर नाही. पोरायले झोपवतानी बी नाही. मले वाटलं, विसरली. एक डाव दुकानात मी गेली, तर गोळ्या मोजता मोजता ओठ हालून राहिले होते. मी इचारलं, काय म्हनते? तर म्हने, काई नाही अम्मी, गिनती."

मग त्यांनी उठून कपाटातून ते काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याला लावून ठेवलेलं. १९९६ चं प्रमाणपत्र. मिस्बाहचं नाव, काळ्या शाईत, अजून ओलं असावं असं. आणि खाली "उत्तेजनार्थ" हा शब्द नुसता पेन्सिलीने. शाई भरलेलीच नाही. समारंभात मी ते माझ्या हाताने तिला दिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. पेन्सिल इतकी पुसट झाली आहे की माहीत नसेल तर वाचता येत नाही. मी कागद दाराच्या उजेडाकडे धरला. पेन्सिलीच्या खाली कागदावर दाब उमटलेला आहे. "प्रथम क्रमांक". खोडून गेलेला नाही.

"त्यायले म्हणलं होतं मी, शाई भरून द्या," भाभी म्हणाल्या. "तर म्हने, हा शब्द माह्या हातानं होत नाही."

आत खोकला थांबला होता. तुम्ही ऐकत होते, हे मला कळत होतं. मी काही बोलू शकलो असतो. भाषणं करायची सवय आयुष्यभराची. पण मी कागद पिशवीत घालून परत दिला आणि चपला शोधायला लागलो.

भाभींनी मिस्बाहचा फोन नंबर माझ्या डायरीत लिहून दिला. म्हणाल्या, "पान तयार झालं की तिले पाठवा. त्यायलेही ती दाखवीन."

दुकानावरून गेलो. बस सुटायला वीस मिनिटं होती. ती पांढरा कोट घालून एका म्हाताऱ्याला गोळी कधी घ्यायची ते समजावत होती. "जेवल्यावर. जेवायच्या आंधी नाही, बाबा. जेवल्यावर." तोच आवाज. मी रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिलो आणि मग बसमध्ये चढलो.

गोपाळकृष्ण


जठारपेठ, अकोला
१९ जानेवारी २०२५

कुर्बानभाई,

आज सकाळी कुंदाला सांगितलं.

ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि रजिस्टर न उघडता सांगत गेलो. गट, लाल रेघ, पंचेचाळीस आणि चव्वेचाळीस. ती ऐकत होती, पण हात चालू होते. देठ एकीकडे, पानं एकीकडे. सांगून झालं तेव्हा मेथीही संपली होती, तरी ती देठांतून पुन्हा पानं शोधत राहिली.

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हे आता काहून सांगून राहिले?"

मी म्हणालो, "तक्ता लावायचा आहे."

"तक्ता." तिला हसू आलं की काय आलं ते मला कळलं नाही. "लोक माझी ओळख करून देतात, मी खाली मान घालून हसते, अन् तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवता. अठ्ठावीस वर्षं! तुम्हाला एकदाही..." ते वाक्य तिने सोडून दिलं. मग दुसरंच म्हणाली. "मी पडद्याआड उभी होते तेव्हा. माझा नंबर तिच्यानंतर होता. ती म्हणाली अन् मला कळलं की माझं काही खरं नाही. निकाल लागला तेव्हा मला वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नसेल. एकाच गुणाचा फरक होता? मला तर वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही." ती ताट उचलून आत गेली. आतून म्हणाली, "मिस्बाह नंतर माझ्याशी बोललीच नाही. मी समजत होते, ती हरली म्हणून रुसली. मी तिच्यावर रागावले होते, बाबा. अजून थोडी रागावलेलीच होते, कालपर्यंत."

दुपारी तिने मला जेवायला वाढलं. भाजी दोनदा वाढली.

जेवणानंतर मी तक्त्याला बसलो. खुशालरावला बोलावलं नाही. दोन गटांच्या मधल्या, टीबॉडी बंद करणारी आणि उघडणारी, दोन्ही खुणा खोडल्या. मिस्बाहची ओळ उचलून सर्वांत वर नेली. आता एक अडचण आली. सालाचा उंच खण कुंदाच्या ओळीत लिहिलेला होता, कारण तो गटातल्या पहिल्या ओळीतच लिहावा लागतो. तो तिथून काढून मिस्बाहच्या ओळीत ठेवला. चार ओळींचा आकडा तसाच होता. पान उघडलं. १९९६ चा खण चारही ओळींना लागून सरळ खाली गेला. कुठे काही घसरलं नाही.

तक्त्यात एकाआड एक ओळीला फिकट पिवळा रंग दिलेला आहे, वाचायला सोपं जावं म्हणून. तो मी एकेका ओळीला दिलेला नाही, ब्राउझर ओळी मोजून आपणच देतो. मिस्बाह वर गेली तशी कुंदाची पांढरी ओळ पिवळी झाली, दुसऱ्याची पिवळी होती ती पांढरी, तिसऱ्याची पुन्हा पिवळी. एक ओळ जागेवर आणली तर खालच्या सगळ्यांना हलावं लागलं. तेव्हाचा दुसरा आता तिसरा आहे, तिसरा चौथा. त्या दोघांनाही पत्रं लिहायची आहेत. पत्ते शोधतो आहे.

टीफूट, म्हणजे तक्त्याचा पाय, आजवर रिकामा होता. तिथे सगळे रकाने जोडून एक ओळ लिहिली: "१९९६ साली निकाल लागल्यानंतर वेगळा गट पाडून प्रथम क्रमांक डावलला गेला. गट पाडणारा: गोपाळकृष्ण, स्पर्धाप्रमुख. 'वाळूचे घर' या कवितेतील पाहुण्याची कल्पना: कुर्बानसर."

खुशालराव संध्याकाळी आला. वाचलं. खुर्ची ओढून बसला. "सर, महोत्सव समितीले हे चालीन का?"

मी म्हणालो, "नाही चाललं तर सगळा तक्ताच काढा. नुसता पाय काढता येणार नाही."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "पायाले जरा ठळक रेघ द्या वरून. दिसली पाहिजे." आणि त्यानेच ती दिली. पानाचा दुवा मिस्बाहच्या फोनवर पाठवला.

गोपाळकृष्ण


जठारपेठ, अकोला
२९ जानेवारी २०२५

कुर्बानभाई,

तुमचं कार्ड आज दुपारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, "छापलेलं आहे का हो, काका?" मी म्हणालो, नाही, हाताचं आहे.

इतकी वर्षं तुमच्या अक्षराची वाट पाहिली. कार्डावर मायना नाही, खुशाली नाही. तीन ओळी आहेत, काळ्या शाईच्या, एकेक अक्षर जागेवर.

मिस्बाह ४७.
कुंदा ४३.
कागद माझ्या हातात होता.

खाली "कुर्बान".

बरोबर आहे. रजिस्टर माझ्यासमोर उघडं आहे, त्यातही सत्तेचाळीस आणि त्रेचाळीस आहे. नोव्हेंबरपासून ते समोर आहे. बाकी चाळीस वर्षांचे आकडे मी बोट ठेवून ठेवून उतरवले, एकही चुकला नाही, खुशालराव साक्षीला आहे. फक्त हे दोन मी बदलून लिहिले. तक्त्यात बदलले, तुम्हाला लिहिलेल्या पत्रात बदलले, मेथी निवडणाऱ्या कुंदाला तोंडाने बदलून सांगितले. तिने विचारलं, "एकाच गुणाचा फरक होता?" तेव्हाही मी गप्प बसलो.

का, ते सांगतो. एका गुणाचं मी कोणालाही सांगू शकत होतो. एका गुणात माणूस मोहात पडतो, ऐकणारा मान हलवतो. चार गुणांत मोह नसतो. चार गुण म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलेलं असतं, पडद्याआडच्या मुलीलाही, आणि एकटा बाप उठून कार्यालयात जातो आणि खण शोधतो. कबुली देतानासुद्धा मला तीन गुणांची सूट हवी होती. ती मी तुमच्या मुलीचे दोन कापून आणि माझ्या मुलीला एक वाढवून घेतली. दुसऱ्यांदा.

आणि तुम्हाला ते तेव्हापासून माहीत होतं. खोडरबर हातात घेताना सत्तेचाळीस तुमच्या समोर होतं. "कोणाच्या नावाखाली काय लिहू, तेवढं सांगा," हे तुम्ही म्हणाले तेव्हा तुम्ही मला परत फिरायला एक दार उघडून दिलं होतं. ते मला आज दुपारी कळलं, कार्ड हातात घेऊन उभा होतो तेव्हा.

तक्त्यातले दोन्ही आकडे आत्ता दुरुस्त केले. पान पुन्हा उघडून पाहिलं. ४७. ४३. टीफुटात आणखी एक वाक्य घातलं: "दि. १९ ते २९ जानेवारी या काळात या पानावर दोघींचे गुण चुकीचे होते. ते स्पर्धाप्रमुखाने जाणून बदलले होते." खुशालरावला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "सर, तुमी आमाले खाडाखोडीसाठी मारत होते नं." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "ठेवतो मंग."

दोन तारखेला या, असं मी लिहीत नाही. तुमचं कार्ड रजिस्टरात त्याच पानावर ठेवलं आहे, लाल रेघेवर.

कुंदा बाहेरच्या खोलीत समारंभाच्या साडीला इस्त्री करते आहे. परवा तिने निवेदनाचा कागद मला वाचायला दिला. स्वतःच्या ओळखीतलं "प्रथम" खोडून तिने तिथे मिस्बाहचं नाव लिहिलं आहे, आणि पुढे "अवघ्या एका गुणाने" असं लिहिलं आहे. तिला वाटलं, बाबांना तेवढं बरं वाटेल.

हे पत्र इथेच ठेवतो आणि तिला हाक मारतो. दोनच आकडे आहेत. सांगायला वेळ लागणार नाही.

गोपाळकृष्ण